वाचकांचे प्रश्न : भिंती, चिरे आणि कौलं धुताना

भातझोडणी आटोपली, ऊन स्थिर झालं, की कोकणात घराच्या बाहेरच्या अंगाकडे लक्ष जातं. या महिन्यात सर्वांत जास्त पत्रं भिंतींवरच्या डागांची आली. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी "कोणतं औषध मारू?" असं विचारलं आहे. आमची उत्तरं मात्र बऱ्याचदा "तिथं पाणी कुठून येतं?" या प्रश्नापासून सुरू होतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. इतक्या पाण्यात डाग नुसता पुसून भागत नाही, तो पुढच्या श्रावणात त्याच जागी परत येतो.

प्रश्न : मालवणजवळ आमचं दुमजली घर आहे. रंग लावून तीनच वर्षं झाली, पण उत्तरेची आणि पश्चिमेची भिंत काळी-हिरवी पडली आहे. रंगारी म्हणतो, सगळं खरवडून पुन्हा रंग द्या. घर धुणारे म्हणतात, प्रेशर मशीन मारलं की दोन तासांत नवं दिसेल. कोणाचं ऐकावं?

सध्या दोघांचंही नको. आधी एक चाचणी करा. घरगुती ब्लीच कापसाच्या बोळ्याला लावून काळ्या डागावर टेकवा आणि पाच मिनिटं थांबा. काळेपणा फिका पडला तर ते शेवाळ किंवा बुरशी आहे. काहीच फरक पडला नाही तर काजळी, धूळ किंवा खनिजाचा डाग आहे, आणि त्याला ब्लीच कितीही ओतलं तरी उपयोग नाही.

तुमच्या वर्णनावरून हे शेवाळच असणार. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड बसते. उत्तरेच्या भिंतीला पाऊस गेल्यानंतर हिवाळाभर ऊनच लागत नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दोन्ही भिंती ओल्या राहतात आणि शेवाळ धरतं. आपण ज्याला काळं म्हणतो त्यातही बराच भाग शेवाळाच्याच जातीच्या सूक्ष्म जीवांचा असतो. ओलेपणी ते हिरवट, बुळबुळीत असतात आणि वाळले की काळे दिसतात.

हे जीव रंगाच्या बारीक भोकांत शिरलेले असतात. प्रेशर मशीन वरचा थर उडवतं, पण मुळं आत तशीच राहतात. शिवाय जोरानं मारलेलं पाणी प्लास्टरच्या बारीक भेगांतून आत जातं, म्हणजे शेवाळाला हवी ती ओल आपणच पुरवतो. म्हणून आधी शेवाळ मारायचं आणि मग भिंत धुवायची, असा क्रम हवा.

औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, बाजारात ज्याला नुसतं हायपो म्हणतात. केमिकलच्या दुकानात कॅनमधून मिळतं ते साधारण १० टक्क्यांचं असतं, तर घरगुती ब्लीच ४ ते ५ टक्क्यांचं. रंगवलेल्या भिंतीला १ टक्का पुरतं. म्हणजे १० टक्क्यांचं हायपो १ लिटर आणि पाणी ९ लिटर, किंवा ५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर आणि पाणी ४ लिटर. १० लिटर द्रावणात दोन चमचे भांडी घासायचा द्रवसाबण घाला, म्हणजे ते भिंतीला चिकटून राहतं. १०० चौरस फुटांना २ ते ३ लिटर द्रावण लागतं, म्हणजे १,००० चौरस फुटांच्या भिंतीला कॅनमधलं हायपो दोन ते तीन लिटर. उन्हात आणि उकाड्यात हायपोचा जोर झपाट्यानं उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिने पडलेला कॅन स्वस्तात मिळाला तर तो पाण्याच्या भावानंही घेऊ नये. "मारलं, पण काही झालं नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हाच जुना कॅन असतो.

ब्लिचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, तीही चालते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. त्या हिशेबानं लिटरला ३० ग्रॅम घातली की १ टक्का होतो. पण ती ढवळून तासभर निवळू द्या आणि वरची निवळीच वापरा. खालचा चुना भिंतीवर गेला तर पांढरे ओघळ उठतात.

काम सकाळी करावं, मतलई वारा असतो किंवा वारा पडलेला असतो तेव्हा. अकरानंतर खारा वारा सुटला की फवारा तोंडावर येतो आणि ऊन लागलं की द्रावण मिनिटांत वाळतं. वाळलेलं द्रावण काम करत नाही. भिंत आधी साध्या पाण्यानं ओली करा. द्रावण मात्र खालून वर मारत जा. वरून सुरुवात केली तर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्या रेघा नंतर निघत नाहीत. १० ते १५ मिनिटं ओलं राहू द्या, मधे वाळायला लागलं तर पुन्हा हलका फवारा. मग वरून खाली, बागेच्या नळीनं भरपूर पाणी मारून धुवा. हट्टी जागा नायलॉनच्या ब्रशानं घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे भिंतीत अडकतात आणि पुढच्या पावसात तिथं गंजाचे ठिपके दिसतात.

यात चुकतं ते बहुधा भिंतीखाली. तुळस, जास्वंद, क्रोटन, आंब्याची कलमं आधी पाण्यानं चिंब करा, प्लास्टिकनं झाका आणि काम संपताच प्लास्टिक काढून पुन्हा धुवा, नाहीतर उन्हात झाडं आत उकडतात. पाणी विहिरीकडे किंवा बोअरकडे उतरत असेल तर आधी मातीचा बांध घाला. खिडक्यांचे गज, ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि सौर पॅनेलची फ्रेम यांवर हायपो राहू देऊ नका. हातमोजे, डोळ्यांना गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं साध्या पाण्यानं धुवून डॉक्टर गाठा.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. हायपोमध्ये ॲसिड, संडास साफ करायचं लिक्विड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. एकाच बादलीत किंवा एकाच भिंतीवर लागोपाठसुद्धा नको. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद पडवीत तो जिवावर बेततो.

रंग पुन्हा द्यायचा का, ते धुतल्यावर ठरवा. भिंतीवर हात फिरवला आणि तळव्याला पांढरी भुकटी लागली तर रंग संपलाय. नाही लागली, तर अजून काही वर्षं निघतील. रंग देणारच असाल तर दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आत दमटपणा धरला तर भिंत अजून ओली आहे, ब्रश उचलू नका.

प्रश्न : भिंतीवर नारिंगी-तांबडे मखमली ठिपके आले आहेत. गंज समजून ऑक्झॅलिक ॲसिड लावलं, पण काही झालं नाही. (गुहागर)

तो गंज नव्हे, तेही शेवाळच. ट्रेंटेपोहलिया नावाचं हे शेवाळ जातीनं हिरवंच, पण त्यात गाजरासारखा केशरी रंग इतका असतो की हिरवं झाकलं जातं. दमट हवेत भिंतींवर, गडग्यांवर आणि नारळाच्या खोडांवरही ते दिसतं. नखानं खरवडलं तर मऊ भुकटी निघते. गंजाचा डाग खरवडून असा सुटत नाही आणि गंजाला वर कुठंतरी लोखंड लागतं. ॲसिड पूर्ण धुवून काढा, दोन दिवस जाऊ द्या आणि मग वर सांगितलेलं १ टक्का हायपो मारा.

प्रश्न : घराच्या चारी बाजूंना जमिनीपासून दोन फुटांपर्यंत लाल पट्टा पडतो. दरवर्षी धुतो, दरवर्षी येतो. (लांजा)

पागोळ्यांचं पाणी उघड्या लाल मातीवर आदळतं आणि शिंतोडे भिंतीवर बसतात. जांभ्याची माती लोहाच्या ऑक्साइडनं लाल असते, त्यामुळे हे शिंतोडे एका अर्थी रंगच असतात.

ताजा चिखल वाळू द्या. ओला घासला तर तो भिंतीच्या भोकांत भरतो. वाळल्यावर मऊ झाडूनं झाडा, मग साबणाचं पाणी आणि नायलॉन ब्रश. उरलेला तांबूसपणा ब्लीचनं जात नाही. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे लिटरभर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम विरघळवा, प्लास्टिकच्या बादलीत. भिंत ओली करून ब्रशानं लावा, १० मिनिटांनी भरपूर धुवा. हे विषारी आहे. मोजे घालाच, आणि गुरं त्या बाजूला बांधू नका. हे फक्त सिमेंटच्या रंगवलेल्या भिंतीसाठी. चुन्याच्या सफेदीला आणि चिऱ्याला, म्हणजे जांभ्या दगडाला, चालत नाही.

पण दरवर्षीची धुलाई थांबवायची असेल तर काम जमिनीवर आहे. पागोळी जिथं पडते त्या रेषेवर दीड-दोन फूट रुंद, चार इंच खोल खडी पसरा. खडीत पाणी मुरतं, शिंतोडा उडत नाही. सपाट कोबा करू नका. कोब्यावरून शिंतोडा मातीपेक्षाही उंच उडतो, फक्त तो स्वच्छ असतो आणि भिंतीच्या पायाला ओल देतो. पन्हळ बसवली तर उत्तमच, मात्र मे महिन्यात ती पानांपासून मोकळी केली पाहिजे. भरलेली पन्हळ मागच्या बाजूनं भिंतीवर ओतते आणि पट्टा वरून खाली येतो.

प्रश्न : आमचं घर बिनगिलाव्याच्या चिऱ्याचं आहे. चिरे काळे पडलेत. धुणाऱ्यानं एका कोपऱ्यात मशीन मारून दाखवलं, तिथले चिरे एकदम लालभडक झाले. सगळं घर तसंच करावं का?

नको. त्या कोपऱ्यापाशीच थांबा.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर तो तासता येतो. हवा लागत गेली की त्याचं बाहेरचं अंग घट्ट होतं. ती कठीण पापुद्र्यासारखी कातडीच चिऱ्याचं संरक्षण असते. प्रेशरनं दिसलेला "नवा लाल" म्हणजे कातडी सोललेला, आतला मऊ, भोकाभोकांचा भाग. तो पाणी जास्त पितो आणि जवळच्या न धुतलेल्या चिऱ्यापेक्षा लवकर काळा पडतो. सांध्यांतला दर्जा, म्हणजे तिथं भरलेला मालही मशीननं निघतो, आणि तिथून झडीचं पाणी थेट घरात.

त्या कोपऱ्यात बोटानं चोळून पाहा. लाल पूड सुटत असेल तर तो भाग पुन्हा पाण्याच्या माऱ्यात येऊ देऊ नका आणि सांधे भरून घ्या.

चिऱ्यावर ॲसिड अजिबात नको, ऑक्झॅलिकही नको. ऑक्झॅलिक लोहाचा डाग काढतं, आणि चिऱ्याचा लाल रंग हाच मुळी लोहाचा. ते डाग आणि दगड यांत फरक करत नाही. परिणाम म्हणजे फिकट, पिवळट चट्टे, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

हायपो वापरता येतं, पण चिऱ्यासाठी ती आमची पहिली निवड नाही. हायपो काम करून झालं की त्याचं मीठ उरतं. सपाट रंगावरून ते धुतलं जातं, चिऱ्याच्या भोकांतून जात नाही आणि नंतर पांढरा खार फुटतो. त्यापेक्षा बेंझाल्कोनियम क्लोराइड घ्या. कोळंबीच्या तळ्यांना लागणारं साहित्य विकणाऱ्यांकडे ते बीकेसी नावानं मिळतं, बहुधा ५० किंवा ८० टक्क्यांचं. ५० टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर घाला, १ टक्का होतं.

आधी कोरड्या चिऱ्यावरून नायलॉनचा किंवा काथ्याचा ब्रश फिरवून सुटं शेवाळ झाडा. जाड गाद्या बांबूच्या चपट्या पट्टीनं उचला. मग बीकेसी हलक्या फवाऱ्यानं, चिरा भिजेपर्यंत. धुवायचं नाही. शेवाळ मरायला वेळ लागतो, आठवड्या-दोन आठवड्यांत ते तपकिरी पडून सुटायला लागतं. तेव्हा पुन्हा झाडा. लगेच फरक दिसत नाही म्हणून लोक दुसऱ्या दिवशी मशीन बोलावतात, तसं करू नका. साबणानं बीकेसी निकामी होतं, त्यामुळे आधी साबण वापरला असेल तर तो संपूर्ण धुतलेला हवा. आणि माशांना ते घातक आहे. वहाळ, खाडी किंवा शेततळं जवळ असेल तर ओघळ तिकडे जाऊ देऊ नका.

एवढं करूनही चिरा नव्यासारखा होणार नाही. थोडा काळसरपणा राहील. तो राहू द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

चकचकीत पॉलिशबद्दलही पुष्कळ जण विचारतात. वर फिल्म धरणारं कोणतंही वॉर्निश चिऱ्याला लावू नये. जमिनीतून चढणारी ओल त्यामागे अडकते, फिल्म पांढरट पडते आणि पापुद्रे निघतात. लावायचंच तर सिलेन-सिलोक्सेन जातीचं, फिल्म न धरणारं पाणीरोधक, आणि तेही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, भिंत खडखडीत वाळल्यावर.

प्रश्न : ग्रीलखाली तपकिरी ओघळ आहेत. बोअरच्या पाण्यानं धुतल्यावर सगळी भिंतच पिवळट झाली. (देवगड)

ओघळ गंजाचे, पिवळटपणा बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा. त्या पाण्यात ब्लीच घातलं असेल तर आणखी वाईट, कारण ब्लीचनं विरघळलेलं लोह लगेच गंजाच्या रूपात खाली बसतं. बादलीभर पाणी रात्रभर ठेवून पाहा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर ते पाणी धुलाईला वापरू नका, विहिरीचं किंवा पावसाचं साठवलेलं वापरा.

दोन्ही डागांना वर दिलेलं ऑक्झॅलिक ॲसिड चालेल. मात्र आधी ग्रील खरवडून, गंजरोधक प्रायमरचे दोन हात देऊन रंगवा. विशेषतः गज जिथं भिंतीत शिरतात ती जागा. तिथं पाणी साचतं आणि ओघळ तिथूनच सुरू होतो. क्रम उलटा केला तर ॲसिडचा खर्च वाया.

समुद्रापासून जवळ घर असेल तर ग्रील, काचा आणि सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं नुसत्या धुतल्या तरी गंज कितीतरी लांबतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते बसू देऊ नये. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर त्यानं धुणं म्हणजे मीठच लावणं.

प्रश्न : गणपतीला चाकरमानी येतात. त्याआधी घर बाहेरून धुवून घेतो, पण टिकत नाही.

भाद्रपदात पाऊस चालूच असतो. औषध भिंतीवर थांबत नाही आणि भिंत वाळत नाही. त्या वेळी फक्त पाय घसरतील अशा जागा घ्या, म्हणजे पाखाडी (दगडी पायवाट), पायऱ्या, विहिरीभोवतीचा कठडा आणि न्हाणीपर्यंतची वाट. तिथं खराट्यानं घासणं आणि उघडीप मिळेल तेव्हा हायपो २ टक्के, १० मिनिटं ठेवून धुणं, एवढं आठ दिवस आधी करा. चिऱ्यासाठी हायपो ही पहिली निवड नाही असं वर म्हटलं आहे, पण माणूस पडून कंबर मोडण्यापेक्षा थोडा खार परवडला. पाणी मात्र भरपूर ओता. बाकीचं घर कार्तिकात.

अंगणात शहाबादी फरशी किंवा कडाप्पा असेल तर तिथं ॲसिड नको. दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडनं पृष्ठभागच खाल्ला जातो.

प्रश्न : मंगळुरी कौलं काळी झालीत, मागच्या बाजूला सिमेंटचे जुने पत्रे आहेत. दोन्ही मशीननं धुऊन मिळतील का?

कौलांवर मशीन मारणारा बहुधा उताराच्या खालच्या टोकाला, शिडीवर उभा राहतो. म्हणजे पाणी खालून वर, कौलांच्या जोडांत घुसतं. ते रीपांवर आणि वाशांवर जाऊन बसतं आणि लाकूड आतून कुजतं. पावसाचं पाणी असं कधी जात नाही, कौलाची रचनाच वरून येणाऱ्या पाण्यासाठी आहे.

वैशाखात घर शाकारताना कौलं परतायची असतातच. तेव्हा उतरवलेली कौलं खाली अंगणातच धुवा. कोरड्या ब्रशानं शेवाळ झाडून, १ टक्का हायपो लावून, १० मिनिटांनी धुऊन उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. जोडाच्या खाचा नीट मोकळ्या करा, गळती तिथल्या शेवाळामुळेच होते. छपरावर चढून काम करावं लागलंच, तर कौलावर पाय न ठेवता फळी आडवी टाकून, कमरेला पट्टा बांधून.

सिमेंटचे जुने पत्रे हा गंभीर विषय आहे. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. जोराचं पाणी किंवा कोरडं घासणं यानं त्याचे तंतू सुटतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. त्या पत्र्यांना मशीन, ब्रश, खरवडणं, काहीही नको. फारच शेवाळ असेल तर खालूनच हलक्या फवाऱ्यानं बीकेसी मारा आणि सोडून द्या. पत्र्यावर चढू नका, जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही.

दोन्ही कामांच्या आधी पन्हळीतून टाकीत जाणारा पाइप काढून ठेवा आणि पहिले दोन पाऊस वाहून जाईपर्यंत जोडू नका.

प्रश्न : भिंतीच्या तळाशी पांढरी पावडर फुटते. धुतली की दोन दिवस बरी, मग पुन्हा. (अलिबाग)

हा लोणा. भिंतीतलं मीठ पाण्याबरोबर बाहेर येतं, पाणी उडतं आणि मीठ उरतं. तुम्ही धुता तेव्हा ते विरघळून पुन्हा आत जातं, म्हणून दोन दिवस बरं दिसतं. पाणी लावूच नका. कोरड्या ब्रशानं झाडा आणि पडलेली पूड सुपलीत भरून लांब टाका, भिंतीच्या पायाशी ठेवली तर पहिल्या सरीत परत मुरते. ॲसिड लावू नका. त्यानं प्लास्टर खाल्लं जातं आणि नवं मीठ तयार होतं. मीठ आलं कुठून ते पाहा. बांधकामात खाडीची रेती वापरली असेल तर ते वर्षानुवर्षं येत राहील. जमिनीची ओल चढत असेल तर बाहेरची माती जोत्याच्या बरीच खाली उतरवा आणि पायाशी साचणारं पाणी वळवा. तेवढ्या भागात तेलरंग किंवा वॉटरप्रूफ रंग नको, लोणा त्याला फुगवून फोडतो. चुन्याची सफेदी ओल बाहेर जाऊ देते.

प्रश्न : मागीलदारी चुलीच्या धुराचं काळं, आणि रातांबे फोडायच्या जागी लाल डाग.

काजळी तेलकट असते, तिला ब्लीच लागू नाही. धुण्याचा सोडा ५० ग्रॅम, गरम पाणी १ लिटर, थोडा साबण. मोजे घालून स्पंजानं, खालून वर. कोकमाचा डाग ताजा असताना नुसत्या पाण्यानं बराच जातो, मुरलेल्याला १ टक्का हायपो. काजूच्या टरफलाच्या तेलाचा काळा डाग मात्र मुरला की जवळपास जात नाही. बिया भाजायची जागाच भिंतीपासून दूर घ्या.

प्रश्न : व्यावसायिकांकडून काम करून घ्यायचं आहे. दर प्रत्येकाचा वेगळा. पारखायचं कसं?

दर चौरस फुटावर असो की दिवसावर, आधी दोन फूट लांबरुंद नमुना धुऊन दाखवायला सांगा. तो लपलेल्या जागी हवा, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पाहा. ओली भिंत नेहमीच स्वच्छ दिसते. त्याच कारणानं शेवटचा हप्ताही काम वाळल्यावर द्यावा.

मग प्रश्न विचारा. कोणतं केमिकल, किती टक्क्यांचं, कॅन कधीचा? "आमचं स्पेशल लिक्विड" हे उत्तर चालणार नाही. ते ॲसिड निघालं तर चिरा, शहाबादी आणि काच तिन्ही जातात. मशीन किती बारचं (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप)? घरगुती मशीनसुद्धा १०० ते १३० बारपर्यंत जातं. रंगवलेल्या, घट्ट प्लास्टरला ४० ते ६० बार, रुंद फवाऱ्याची पांढरी म्हणजे ४० अंशांची नोझल, आणि भिंतीपासून दोन फूट अंतर, एवढंच हवं. लाल नोझल शून्य अंशांची, ती एकाच धारेत सगळा जोर काढते आणि प्लास्टरमध्ये रेघ पाडते. ती भिंतीवर वापरणार नाही, हे लिहून घ्या.

पाण्याचं आधी बोलून घ्या. छोटं मशीन मिनिटाला ५ ते ७ लिटर घेतं, म्हणजे चार तासांत १,२०० ते १,७०० लिटर, मोठं मशीन त्याच्या दुप्पट. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली असेल तर हे काम काढूच नका.

वीज ही सर्वांत महत्त्वाची बाब. मशीन १६ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमागे. खांबावरून घरात येणारी वायर कोणत्या भिंतीवर आहे ते कामगारांना हातानं दाखवा, त्या बाजूला ॲल्युमिनियमची शिडी उभी राहता कामा नये. शिडी लावली तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि शिडीवरून जोराची गन चालवायची नाही, तिचा मागचा धक्का माणसाला पाडतो. दुसऱ्या मजल्याला परांची आणि सेफ्टी बेल्ट. तुमच्याकडे काम करणारा पोरगा कोणाचा तरी मुलगा आहे, त्याच्या पट्ट्याचे पैसे दरात धरलेत का, हेही विचारा.

झाडं झाकणं, विहिरीकडचा बांध, खिडक्या-दारं बंद करून फटींना पट्टी लावणं आणि शेवटी ग्रील धुणं, ही कामं कोणाकडे ते कागदावर येऊ द्या.

भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर त्या धुऊ देऊ नका. ती वाळवी आहे. नळी पुसली की ती कुठून चढते याचा मागही पुसला जातो. आधी वाळवीचा इलाज.

प्रश्न : आंब्याला फवारायचा पंप आहे. त्यानंच हायपो मारू का?

नको. टाकीत कीटकनाशकाचा अंश असतो आणि त्याचा हायपोशी संबंध येऊ देऊ नये. शिवाय हायपोनं पितळी नोझल आणि रबरी वायसर खराब होतात, आणि मोहोराच्या फवारणीला पंप ऐन वेळी दगा देतो. १६ लिटरचा साधा प्लास्टिकचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगानं "हायपो" लिहा, आणि काम झालं की त्याच दिवशी दोनदा साधं पाणी भरून नोझलमधून सोडा.